दोन हजार सत्तर टप्पे

न्यूझीलंडमधल्या पामर्स्टन नॉर्थला नवा मराठी माणूस आला की आठवड्याभरात त्याला तीन गोष्टी कळतात. कोथिंबीर कुठे मिळते, वारा कुठून सुटतो आणि नाना. पहिल्या दोन गोष्टी विचाराव्या लागतात.

नाना स्वतःहून येतात. गणपतीच्या हॉलवर, कुणाच्या डोहाळजेवणाला, नाहीतर सरळ सुपरमार्केटात गव्हाच्या पिठाच्या पिशवीपाशी. दोन्ही हात पाठीमागे बांधलेले, मान किंचित तिरकी, नजर समोरच्याच्या चेहऱ्यापेक्षा त्याच्या सामानावर जास्त.

"कुठून आलात?"

"नाशिक."

"नाशिक घर झालं. विमान कुठून?"

"मुंबईहून."

"वेळ किती लागला?"

"लागला असा दीडेक दिवस."

"दीड दिवसाचा गणपती असतो. तास सांगा."

इथे समोरचा माणूस बोटं मोडून हिशेब करू लागतो, घड्याळाच्या फरकात अडकतो, आणि नाना अत्यंत समाधानाने हात पाठीमागून पुढे आणतात. आता पुढचा अर्धा तास त्यांचा असतो.

नाना एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले. नोकरीची शेवटची बरीच वर्षं स्वारगेटला गेली. लेक इथे दुधाच्या संशोधनात आणि जावई मॅसी विद्यापीठात, त्यामुळे वर्षातले काही महिने नाना आणि काकू इकडे असतात. मुलांकडे परदेशी आलेल्या वडीलधाऱ्यांचे ठरावीक प्रकार आहेत. काही बागेत मिरच्या लावतात, काही नातवंडांना रामरक्षा शिकवतात, काही दिवसभर मराठी मालिका बघून संध्याकाळी इथल्या संस्कृतीवर बोलतात. आणि प्रत्येक गावात एक तरी अंतरवाला असतोच, ज्याला आपण घरापासून नेमके किती लांब आहोत हे दशांशचिन्हापर्यंत माहीत असावं लागतं. आमच्या वाट्याला आलेला अंतरवाला व्यावसायिक आहे, एवढाच फरक.

मुंबई ते पामर्स्टन नॉर्थ, विमानतळ ते विमानतळ, पृथ्वीच्या पाठीवरून सरळ मोजलं तर सुमारे १२,४२० किलोमीटर. हा आकडा नाना किलोमीटरमध्ये सांगत नाहीत. एसटीच्या भाड्याचा टप्पा सहा किलोमीटरचा. भागाकार करून नाना सांगतात, "दोन हजार सत्तर टप्पे." ऐकणारा दचकतो. बारा हजार किलोमीटर म्हटल्यावर कोणाला काही वाटत नाही, पण पुण्याहून साताऱ्याला जाताना वाहकाशी टप्प्यांवरून भांडलेल्या माणसाला दोन हजार सत्तर टप्पे म्हणजे काय ते बरोबर कळतं. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला गेली. नानांच्या हिशेबाने ती गाडी त्याच रस्त्याने शंभर वेळा धावली असती, तर एवढ्यात पामर्स्टनला लागली असती. "एकशेतीन वेळा," काकू आतून दुरुस्ती करतात. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनाही सवय लागली आहे.

हा आकडा ठरवतानाही घरात बराच वाद झाला. जावयाने दोन ठिकाणी हिशेब करून बघितला तर उत्तरं जुळेनात. एकाने पृथ्वी चेंडूसारखी गोल धरली होती आणि दुसऱ्याने ध्रुवांपाशी दबलेली. ती खरोखरच दबलेली आहे, विषुववृत्तावरचा व्यास ध्रुवांमधल्या व्यासापेक्षा त्रेचाळीस किलोमीटरने मोठा आहे. जावयाने हे समजावून सांगितल्यावर नाना गंभीर झाले. "म्हणजे रस्ताच खचलाय म्हण की," ते म्हणाले, आणि आकड्यापुढे 'सुमारे' लिहायला त्यांनी परवानगी दिली. नानांच्या तोंडी 'सुमारे' हा शब्द त्या दिवशी पहिल्यांदा ऐकल्याचं काकू सांगतात.

मग नातवाचा पृथ्वीगोल आला, काकूंच्या विणकामातली लोकर आली, आणि मुंबईपासून पामर्स्टनपर्यंत लोकरीचा धागा ताणला गेला. भिंतीवरच्या नकाशात सरळ दिसणारी रेघ गोलावर सरळ नसते, हे नानांना नवं होतं. पण खरा शोध पुढे लागला. जावयाने कॉम्प्युटरवर तीच रेघ मोठी करून दाखवली आणि नाना खुर्चीतून उठले. मुंबईच्या विमानतळावरून पामर्स्टन नॉर्थच्या विमानतळाकडे ओढलेली सरळ रेघ खडकवासल्यावरून जाते. अगदी धरणाच्या आसपासून. पुढे विजापूर थोडं उजवीकडे ठेवून ती श्रीहरिकोट्याजवळ बंगालच्या उपसागरात उतरते, सुमात्रा आणि जावा डाव्या हाताला सोडते, हिंदी महासागर तिरका कापून ऑस्ट्रेलियाच्या वायव्य किनाऱ्यावर चढते, उलुरूच्या त्या प्रसिद्ध लाल खडकाच्या जरा दक्षिणेने सबंध खंड ओलांडते, सिडनीच्या खाली जर्विस बेपाशी पुन्हा पाण्यात शिरते आणि टास्मान समुद्र पार करून आमच्या मिल्सन भागात येऊन थांबते.

पण नानांच्या दृष्टीने ही रेघ खडकवासल्यालाच संपली होती. "म्हणजे पुणं वाटेवर आहे!"

याचा सरळ अर्थ असा, की पुणं मुंबईपेक्षा पामर्स्टनला जवळ आहे. लोहगावपासून इथलं अंतर सुमारे १२,३०० किलोमीटर, म्हणजे मुंबईहून सव्वाशे किलोमीटर कमी. वीस टप्पे वाचले. हे नानांनी त्याच आठवड्यात सत्यनारायणाच्या प्रसादाच्या रांगेत जाहीर केलं. रांगेत डोंबिवलीचे एक गृहस्थ होते.

"पुण्याहून इथे विमान कुठंय पण?"

"मुंबईहून तरी सरळ कुठंय?"

या प्रश्नाला उत्तर नव्हतं. मुंबईकर आणि पुणेकर यांच्यातला वाद दोघांच्याही गावाहून विमान नसल्यामुळे बरोबरीत सुटल्याचं माझ्या माहितीतलं हे एकच उदाहरण.

नानांना सगळ्यात जास्त राग आहे तो 'अर्धा तास' या गोष्टीचा. दोन विमानतळांमधला प्रवासाचा वेळ काढायची एक चालू पद्धत आहे. ताशी आठशे किलोमीटर वेग धरायचा, अंतराला भागायचं आणि वर चढण्या-उतरण्याचा म्हणून अर्धा तास मिळवायचा. मुंबई-पामर्स्टनचं उत्तर येतं सोळा तास. "सोळा तास! आणि थांबे?" नाना विचारतात. "स्वारगेटवरून गाडी मागे घेऊन सातारा रोडला लावायलाच अर्धा तास जायचा. आणि इथे अख्खा महासागर ओलांडायचाय, त्यातही अर्धाच तास? कोणी धरला हा? कधी फलाटावर उभा राहिला होता का तो?"

नानांचं सगळं तत्त्वज्ञान या एका तक्रारीत आहे, आणि मला ते पटतं. त्यांनी हिशेब करून ठेवलाय. पामर्स्टन ते ऑकलंड पावणेचारशे किलोमीटर, ऑकलंड ते सिंगापूर साधारण ८,४००, सिंगापूर ते मुंबई ३,९००. बेरीज पावणेतेरा हजारांच्या आत. म्हणजे सिंगापूरचा वळसा घालूनही सरळ रेघेपेक्षा जेमतेम पावणेतीनशे किलोमीटर जास्त. पंचेचाळीस टप्पे, किस झाड की पत्ती. विमान हवेत असण्याचा वेळही बेरजेने साडेसतराच्या आसपास येतो. तरी माणूस घरी पोचायला तीस तासांच्या पुढे जातो. हा उरलेला वेळ गेला कुठे? "फलाटावर," नाना सांगतात. "गाडी रस्त्यावर कधीच लेट होत नाही. लेट होते ती फलाटावर. चाळीस वर्षांपूर्वी आगारप्रमुखांना हेच सांगत होतो." सिंगापूरच्या फलाटावर ऑर्किडची बाग आहे आणि गालिचे आहेत, हे त्यांना मान्य आहे. पण बाकडं ते बाकडंच.

रोज सकाळी नाना विमानतळाच्या कुंपणापर्यंत फिरायला जातात. मिल्सनचा तळ लहान, त्यात त्यांना परकं काहीच वाटत नाही. ऑकलंडहून एटीआर जातीचं पंख्याचं विमान येतं, त्यात अडुसष्ट आसनं. "दीड गाडी," नाना म्हणतात. ते वेळ बघतात, खिशातल्या डायरीत नोंद करतात. तीन मिनिटं उशीर झाला तर भुवई उंचावतात, दहा मिनिटं झाला तर थांबून कारण शोधतात. बहुधा धुकं असतं, नाहीतर वारा. नोंद ठेवायला त्यांना कोणी सांगितलेलं नाही आणि ती कोणी मागणारही नाही. "मागितली तर असावी," एवढंच त्यांचं म्हणणं.

या तळाला इतिहास आहे हे नानांना कळलं, त्याला दुर्दैवाने मीच कारण. १९३४च्या इंग्लंड ते मेलबर्न विमानशर्यतीत मानावाटू एरो क्लबचं स्वतःचं विमान होतं. त्याच शर्यतीत ह्युएट आणि के हे दोघे न्यूझीलंडर आणखी एका विमानातून आले होते. शर्यत संपल्यावर ते टास्मान ओलांडून थेट इथे पामर्स्टनला उतरले. पुढे १९९०च्या दशकात फ्रीडम एअरची विमानं इथून ऑस्ट्रेलियाला जात. म्हणजे आमचं हे गाव रीतसर आंतरराष्ट्रीय होतं. २००८ साली ती कंपनी बंद झाली आणि समुद्रापलीकडची सेवाही गेली. नाना बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "भारमान नसेल."

भारमान म्हणजे गाडी किती भरली याची टक्केवारी. नानांच्या मते जगातल्या बहुतेक दुःखांचं मूळ भारमानात आहे. भारत आणि न्यूझीलंड यांच्यात सरळ विमान का नाही, हा प्रश्न इथे प्रत्येक भिशीत निघतो आणि प्रत्येक वेळी कोणीतरी म्हणतं, "फार लांब आहे हो." नाना त्याला तिथेच अडवतात. ऑकलंडहून दोह्याला विमान जातं, ते अंतर साडेचौदा हजार किलोमीटर. न्यूयॉर्कला जातं, ते चौदा हजारांवर. मुंबई त्या मानाने अलीकडेच. मग अडतं कुठे? रोज तीनशे माणसं तिकडून इकडे आणि तीनशे इकडून तिकडे, तीही पूर्ण भाड्याची, बारा महिने मिळाली पाहिजेत. मार्च २०२५मध्ये एअर इंडिया आणि एअर न्यूझीलंड यांनी करार केला, २०२८च्या अखेरपर्यंत थेट सेवा सुरू करता येईल का ते बघायचं ठरलं. बातमी आली तेव्हा आमच्या मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पेढ्यांची चित्रं नाचली. नानांनी एकच ओळ लिहिली: "घोषणा म्हणजे गाडी नव्हे. मार्गफलक लागल्यावर कळवा."

इतिहास सांगितल्याचा मला आणखी एकदा ताप झाला. सप्टेंबर १९२८मध्ये चार्ल्स किंग्सफर्ड स्मिथ आणि त्याच्या साथीदारांनी पहिल्यांदा टास्मान विमानाने ओलांडला. सिडनीजवळून निघून क्राइस्टचर्चला चौदा तास पंचवीस मिनिटांत. परतीला मात्र तेवीस तासांवर लागले. नानांना हे फार आवडलं. कारणही त्यांना ताबडतोब पटलं, कारण या अक्षांशावर वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो तो वाहतोच. टारारुआच्या माथ्यावरच्या पवनचक्क्या त्यावरच चालतात आणि काकूंचे वाळत घातलेले टॉवेल त्यानेच शेजारच्या मेंढ्यांत जातात. आजही सिडनीहून इकडे येणारं विमान तिकडे जाणाऱ्यापेक्षा अर्धा-पाऊण तास लवकर पोचतं. "येताना उतार, जाताना घाट," नानांनी डायरीत लिहून ठेवलं.

पण त्यांचा खरा लाडका गडी म्हणजे गाय मेंझीस. जानेवारी १९३१मध्ये या पोराने सिडनीहून एकट्याने विमान काढलं. लोकांना सांगितलं पर्थला चाललोय. पर्थ पश्चिमेला. हा निघाला पूर्वेला. पावणेबारा तासांनी न्यूझीलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर हरिहरी नावाच्या गावी सपाट हिरवं रान बघून उतरला. ती निघाली दलदल, विमान उलटं झालं, आणि टास्मान एकट्याने ओलांडणारा जगातला पहिला माणूस पट्ट्याला लटकत खाली डोकं वर पाय असा होता. नाना हसून हसून खोकले. मग एकदम अधिकारी झाले. "मार्गफलक पर्थचा आणि गाडी हरिहरीला. आमच्याकडे निलंबन झालं असतं." थोडं थांबून, "पण वेळ चांगली दिली."

इथल्या गोऱ्या शेजाऱ्याशी मात्र नानांचं जमत नाही. तो माणूस सज्जन आहे, लिंबं आणून देतो, पण अंतर तासांत सांगतो. फील्डिंग किती लांब? वीस मिनिटं. वेलिंग्टन? दोन तास. नानांना यात चालकाचा दोष, रस्त्याचा दोष आणि अंतर यांची खिचडी दिसते. मानावाटूच्या घळीतला जुना रस्ता दरडींमुळे २०१७ला बंद झाला, त्याच्या बदली डोंगरावरून साडेअकरा किलोमीटरचा नवा रस्ता जून २०२५मध्ये खुला झाला. शेजारी कौतुकाने म्हणाला, पलीकडे जायला आता कितीतरी मिनिटं वाचतात. नाना म्हणाले, "टप्पे दोनच आहेत." शेजाऱ्याला ते इंग्रजीत कसं सांगितलं ते मला माहीत नाही. पण दुसऱ्या दिवशी लिंबं आली नाहीत.

एकदाच मी नानांना हरलेलं पाहिलं. ओळखीतल्या एक मावशी लेकीकडे लॉस एंजेलिसला निघाल्या. ऑकलंडहून संध्याकाळी आठला विमान, बारा तासांचा प्रवास प्रशांत महासागरावरून, आणि पोचणार त्याच दिवशी दुपारी एकला. मध्ये वाररेषा येते, आपण एक दिवस मागे जातो. नानांनी तिकीट हातात घेतलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"सुटली आठला. पोचली एकला. त्याच तारखेला."

"हो ना."

"म्हणजे सुटायच्या आधी सात तास पोचली."

"हो."

"अशी लॉगशीट माझ्या टेबलावर आली असती, तर मी चालक-वाहक दोघांना आधी डॉक्टरकडे पाठवलं असतं."

त्यात तो दिवस आषाढी एकादशीचा. काकूंनी रास्त शंका काढली, की उपवास इथे संपवून निघायचा आणि तिथे उतरल्यावर दुपारचा एक वाजलेला, तर तोच उपवास पुन्हा धरायचा का? एकादशी आणि दुप्पट खाशी हे आजवर नुसतं म्हणायला होतं, इथे पंचांगच दुप्पट झालेलं. मावशींनी शहाणपणाने दोन्हीकडे साबुदाणा खाल्ला. परतीला त्या शनिवारी रात्री निघून सोमवारी सकाळी उतरल्या. रविवार आलाच नाही. नानांनी तो रविवार डायरीत कोरा ठेवला आहे आणि समोर लिहिलंय, 'तपास चालू'.

घड्याळाच्या बाबतीत ते तसेही हळवे आहेत. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी इथे घड्याळं तासभर पुढे करतात, एप्रिलच्या पहिल्या रविवारी मागे घेतात. भारताशी फरक कधी साडेसहा तास, कधी साडेसात. नाना डाव्या मनगटावर पुण्याची वेळ बांधतात, ती बदलत नाही. उजव्या मनगटावरच्या घड्याळाला ते 'हंगामी' म्हणतात.

मॅसीत शिकायला आलेली सोलापूरकडची एक मुलगी पहिल्याच महिन्यात घरच्या आठवणीने रडायला लागली. काकूंनी तिला जवळ घेतलं, चहा दिला. नानांनी पृथ्वीगोल आणला. पामर्स्टनच्या बरोबर पायाखाली आरपार भोक पाडलं तर ते स्पेनमध्ये निघतं, माद्रिदच्या पश्चिमेला पन्नास-साठ किलोमीटरवर. पृथ्वीवर वीस हजार किलोमीटरपेक्षा लांब कोणाला जाताच येत नाही, आणि माद्रिदकर ती मर्यादा जवळजवळ गाठून बसलाय. तो कुठल्याही दिशेने निघाला तरी त्याला अंतर जवळपास तेवढंच. "त्या हिशेबाने तू अजून आठ हजार किलोमीटर लांब जाऊ शकली असतीस," नाना तिला म्हणाले, "गेलीस का? नाही." मुलगी रडायची थांबली. पटलं म्हणून की थक्क झाली म्हणून, ते नक्की सांगता येणार नाही. आता ती स्वतः नव्या मुलांना माद्रिदचं सांगते.

गेल्या खेपेला नाना-काकू परत गेले तेव्हा चौथ्या दिवशी पुण्याहून फोन आला. 'सुखरूप पोचलो' वगैरे काकूंनी सांगून झालं होतं, नाना अहवाल द्यायला बसले होते. घरातून निघून घरात शिरेपर्यंत सदतीस तास. मुंबईपर्यंत सगळं ठीक. पण एक बाब गंभीर.

"सरळ रेघ खडकवासल्यावरून जाते, बरोबर? म्हणजे या लोकांनी मला माझ्या थांब्याच्या वीस टप्पे पुढे नेऊन उतरवलं. तिथून मागे यायला टॅक्सी केली, तिचं भाडं वेगळं. आमच्याकडे झोपलेला प्रवासी पुढे गेला तर ती त्याची चूक. पण मी जागा होतो."

"मग तक्रार केलीत?"

"पुस्तिका मागितली. ती बाई म्हणाली, ऑनलाइन करा." नानांनी एवढा मोठा सुस्कारा सोडला की तो बारा हजार किलोमीटरवर ऐकू आला. "असो. सरासरी लिहून घे. ताशी तीनशे छत्तीस. पैकी बोरघाटात दोन तास शून्य, कंटेनर आडवा होता. ते विमानाच्या नावावर टाकू नकोस."

मी लिहून घेतलं. मागितलं तर असावं.